दत्ताभाऊंची टेस्ट

दत्ताभाऊंच्या दुकानात कॉम्प्युटर टाकला की तो त्याच दिवशी परत मिळत नसे, मग काम पाच मिनिटांचं का असेना. रॅमची पट्टी बसवायला असा कितीसा वेळ लागतो? झाकण काढायचं, खाचेत पट्टी धरायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची, टक् असा आवाज आला की झालं. दत्ताभाऊ हे सगळं करत. त्याआधी पट्टीच्या सोनेरी दातांवरून शाळेतल्या पोरांचं खोडरबर हलक्या हातानं फिरवत. आणि मग यंत्र चालू करून त्यावर टेस्ट लावून ठेवत. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावत राहायचे. सकाळी दुकान उघडल्यापासून फळ्या लावेपर्यंत ते धावले आणि एकही लाल ओळ उमटली नाही, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन जायचा. तोवर कुणी कितीही पाय आपटले तरी दत्ताभाऊ स्टुलावरून हलायचे नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही पाय आपटले होते. माझा फोटो आणि व्हिडिओचा स्टुडिओ आहे, रत्नागिरीतच. लग्नसराई तोंडावर आली होती आणि कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. "संध्याकाळी द्या हो," मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चष्म्याला मागून नाडी बांधलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर, आणि अंगावर मांस असं फारसं नाहीच.

"घाय असंल तर हातखंब्याला जावा," ते म्हणाले. "थंय हायवेला सगळं घायचंच मिळतं. वडापावपासून."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन आलो आणि पुढची अकरा वर्षं दुसऱ्या कुणाच्या हाती ते दिलं नाही. ते मला 'फोटोवाले' म्हणत, मी त्यांना दत्ताभाऊ. ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे होते.

गाव त्यांचं देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. घरी भातशेती. दहावीनंतर ते मुंबईला गेले आणि कॉम्प्युटरच्या बाजारात एका गाळ्यावर वीस वर्षं राबले. वडील थकले तेव्हा परत आले. पण गावात कॉम्प्युटर किती आणि ते बिघडणार किती, म्हणून रत्नागिरीत आठवडा बाजाराजवळच्या गल्लीत दुकान टाकलं. बोलण्यात निम्मी मुंबई होती, निम्मं गाव. चिडले की मुंबई यायची, जीव लावून बोलायला लागले की गाव.

यंत्राविषयी ते बहुधा गावच्या भाषेतच बोलत. एकदा एका मास्तरांची पट्टी सकाळपासून टेस्टमध्ये छान चालली होती. मास्तर तीनदा येऊन गेले. चार वाजता पडद्यावर एकच लाल ओळ आली. दत्ताभाऊंनी पट्टी काढून मास्तरांच्या हातावर ठेवली. "बगा. दिवसभर शानी होऊन बसली होती. चार वाजता गुन दाखवलान." मास्तर म्हणाले, एवढ्याशा एका चुकीनं काय होतं? दत्ताभाऊ म्हणाले, "यंत्राला तोंड नाय मास्तर. ता एक डाव बोललाय तर आपन ऐकायचं."

माझ्या कॉम्प्युटरला जादा रॅम घालायची वेळ आली तेव्हाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आत जुनी पट्टी होती, ती चोवीसशेच्या वेगाची. नवीन जी मिळाली ती बत्तीसशेची. मला वाटलं, आता माझा कॉम्प्युटर बत्तीसशेनं पळणार. दत्ताभाऊ हसले.

"फोटोवाले, तुमच्या घरी बैल व्हते काय कदी?"

"नाही."

"म्हनून. तरना बैल आनि म्हातारा बैल एका जुवाला लावलात तर जोत म्हाताऱ्याच्या पावलानं चालतं. तरन्याला हाणलंत तर म्हातारा पडतो, नायतर जू मोडतं. ही दोगं चोवीसशेनंच चालनार. तेच बरं हाय त्येंना."

दिवसभर टेस्ट झाली, एकही लाल ओळ नाही. मी यंत्र घरी आणलं. चांगलं चाललं होतं. पण मी त्या माणसांपैकी आहे ज्यांना चांगलं चाललेलं बघवत नाही. मोबाइलवर कुठल्याशा पोरगेल्या तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला: तुमची रॅम तुम्ही उगीचच सावकाश चालवता आहात, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जा, एक आकडा बदला. माघातली लग्नं अंगावर होती. मी एके दिवशी दुपारी आकडा बदलला. बत्तीसशेवर यंत्र चालूच होईना. मग थोडा खाली आणून एकोणतीसशेवर ठेवला तर झालं चालू. व्हिडिओ दहा-बारा मिनिटं आधी तयार होऊ लागला. मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू! दत्ताभाऊंना मी हे सांगितलं नाही. ते रागावले असते असं तेव्हा वाटलं.

त्याच वर्षी शिमग्याला त्यांनी मला गावी बोलावलं. त्यांचे वडील, तात्या, गावचं गाऱ्हाणं घालत. पालखी सहाणेवर बसली, म्हणजे देवाच्या त्या दगडी चौथऱ्यावर टेकली, की तात्या नारळ हातात घेऊन देवाशी बोलायला लागत आणि सगळा गाव हात जोडून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत असे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. गावच्या चारी शिवा, शिवांवरचे राखणदार, प्रत्येक वाडी, मुंबईला गेलेली घरं, परतून न आलेली माणसं, असं सगळं क्रमानं त्यात येई. दत्ताभाऊ थोरले, म्हणून पुढे तो मान त्यांचा होता. पण ऐन ऐकायच्या वयातली वीस वर्षं मुंबईत गेलेली. शिकवा म्हटलं तर तात्या म्हणायचे, "ता काय शिकवायचं असतंय? ता ऐकून येतंय." आणि गाऱ्हाण्याच्या वेळी गावात कुणी मोबाइल वर धरत नाही. हात जोडायचे की मोबाइल धरायचा? त्यामुळे त्याचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. तात्यांनी स्वतः गावकऱ्यांसमोर शब्द टाकला, देवापुढे नारळ ठेवला, तेव्हा कुठे माझ्या एका कॅमेऱ्याला परवानगी मिळाली.

तात्या बावीस मिनिटं बोलले. आवाज चिरका झाला होता पण एकदाही अडखळले नाहीत. माझ्या शेजारी दत्ताभाऊ हात जोडून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. परतताना मी म्हणालो, लगेच कॉपी करून देतो. ते नको म्हणाले. "माज्या दुकानात दुनियेच्या डिस्का उघड्या पडलेल्या असतात. तुमच्याकडं नीट ऱ्हाईल. लागंल तवा मागून घेईन."

पावसाळ्याच्या तोंडावर मी दरवर्षी करतो ते केलं. सीझनचं सगळं शूटिंग, गाऱ्हाण्यासकट, एकत्र दाबून बंद फाइली केल्या, त्या दोन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवल्या, आणि मूळचं पुसून टाकलं. एकोणतीसशेनं चालणाऱ्या यंत्रावर हे काम चटकन झालं, तेव्हा मी स्वतःवरच खूष होतो.

तात्या भाद्रपदात गेले. पौषात दत्ताभाऊ स्टुडिओत आले. आल्या आल्या चप्पल काढून आत आले, एरवी ते असं करत नसत. "द्या आता," म्हणाले. "शिमग्याला दोन महिनं हायत. पाठ करतो."

मी फाइल उघडायला गेलो. ती उघडेना. दुसऱ्या डिस्कवरची उघडेना, कारण तीही त्याच फाइलीची कॉपी होती. बरीच खटपट केल्यावर पन्नासेक सेकंद बाहेर निघाले. तात्या नारळ वर धरतात, "बा म्हाराजा, आज शिमग्याच्या सनाला तुजी लेकरां तुज्या सहानेवर जमली हायत" म्हणतात, गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो, वरच्या शिवेचं नाव येतं, आणि चित्राचे तुकडे होतात.

दत्ताभाऊ बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यंत्र माज्याकडं पाठवा."

मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे पाठवण्याआधी काय केलं ते आता लिहितो. ते गेल्यावर मी यंत्र पुन्हा चालू केलं, सेटिंगमध्ये गेलो आणि एकोणतीसशेचा आकडा परत चोवीसशेवर नेऊन ठेवला. हे करायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. कशामुळे फाइल मेली हे मला आकडा दिसताक्षणी कळलं होतं: न झेपणाऱ्या वेगानं पळवलेल्या पट्टीनं फाइल दाबतानाच चुका केल्या होत्या.

त्यांनी तीन दिवस टेस्ट लावली. तीन दिवस मी काही ना काही निमित्त काढून दुकानात जात होतो आणि बोलत नव्हतो. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावत होते. लाल ओळ येणार नव्हतीच. चौथ्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"टेस्ट पास हाय," ते म्हणाले. "तवा पन पास व्हती. आनि तरी फाइल मेली. म्हंजे फोटोवाले, माजी टेस्टच खोटी. दोन येगळ्या पट्ट्या मी एकत्र घातल्या त्या घालायच्या नव्हत्या. इतकी वर्सं मी लोकांना पास म्हनून सांगत आलो." आणि थोडं थांबून, "तुमच्या गिऱ्हाइकांची कामं पन गेली असतील माज्यामुळं. माफी करा."

त्या माणसानं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. "जाऊ दे हो दत्ताभाऊ," असंही वर म्हणालो.

शिमगा आला. घरात दुःख असलं तरी देवाचा मान चुकवायचा नाही असं गावकऱ्यांनी ठरवलं. दत्ताभाऊंनी मला पुन्हा बोलावलं होतं. न जायला मला तोंड नव्हतं आणि जायलाही नव्हतं. कॅमेरा पिशवीतच ठेवला. पालखी बसली. दत्ताभाऊंनी नारळ हातात घेतला, पांढऱ्या सदऱ्यात ते तात्यांसारखेच दिसत होते. सुरुवात उत्तम झाली. बा म्हाराजा, तुजी लेकरां, वरची शीव. शब्द न् शब्द तात्यांचा, हेलसुद्धा तात्यांचा. आणि जिथे माझी फाइल तुटली होती नेमके तिथेच ते थांबले. गाव हात जोडून वाट बघत उभा होता. त्यांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. कुणीतरी सांभाळून घ्यावं म्हणून "व्हय म्हाराजा" म्हटलं, मग दोघाचौघांनी म्हटलं. शेवटी त्यांचे चुलते पुढे झाले, पुतण्याच्या हातातला नारळ त्यांनी हलकेच काढून घेतला आणि चार वाक्यांत गाऱ्हाणं संपवलं. देवाला काही कमी पडलं असेल असं मला वाटत नाही. पण गावात त्या वर्षीपासून नारळ चुलत्यांच्या हातात गेला, आणि दत्ताभाऊ मागच्या रांगेत उभे राहू लागले.

दुकानात त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं : 'जुन्या-नव्या रॅम एकत्र बसवून मिळणार नाहीत.' लोक हसायचे. अहो, सगळीकडे बसवतात, तुम्हीच तर बसवत होतात! ते म्हणायचे, "मना नाय जमत." पुढे हार्डडिस्क बदलायलाही घाबरू लागले. टेस्ट दोन-दोन दिवस लावत, मग पुन्हा पहिल्यापासून लावत, आणि पास झाली तरी गिऱ्हाइकाला फोन करताना अडखळत. "पास दिसतंय," म्हणायचे. पूर्वी ते 'पास हाय' म्हणत. गिऱ्हाइकं गल्लीच्या तोंडाशी झालेल्या नव्या दुकानाकडे वळली.

या काळात मी त्यांच्याकडे आठवड्याला जात होतो. चहा पीत होतो. सांगायचं ठरवून जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचो. एकदा तर तोंड उघडलं होतं, तेवढ्यात कुणी प्रिंटर घेऊन आलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मला माझी लाज वाटते ती आकडा बदलल्याची नाही. चूक कुणाकडूनही होते. लाज वाटते ती त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

मग त्यांना कावीळ झाली. कावीळ हे निमित्त होतं. लिव्हरच गेलं होतं. कोल्हापूरला नेऊन आणलं, तिथल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दुकानाला कुलूप लावून त्यांना गावी हलवलं. वैशाखात एक दिवस दुपारी मी स्कूटर काढली आणि कुठे न थांबता गेलो, थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

ते घरापुढच्या खळ्यात, मांडवाखाली खुर्चीवर बसले होते. पलीकडे वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आमसुलं वाळत घालत होत्या. दत्ताभाऊंचे डोळे हळदीसारखे झाले होते. मला बघून त्यांनी शेजारची जागा दाखवली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. व्हिडिओ, आकडा, बंद फाइली, आणि त्यांच्याकडे पाठवण्याआधी आकडा परत फिरवला ते. सांगताना मी खाली, सारवलेल्या जमिनीकडे बघत होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कितीवर ठेवलेलंत?"

"एकोणतीसशे."

"जुनी पट्टी चोवीसची. एकोणतीसला कशी टिकंल ती?" हे ते माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलत होते. "आनि माज्याकडं आली तवा परत चोवीस?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मला वाटलं, आता तात्यांचं नाव काढतील, गाऱ्हाण्याचं काढतील, मला शिव्या घालतील. मी त्यासाठीच आलो होतो. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"म्हंजे माजी टेस्ट खरी व्हती."

"हो, दत्ताभाऊ."

"दोन्ही खेपंला खरी व्हती."

"दोन्ही खेपेला."

त्यांनी खुर्चीतून वळायचा प्रयत्न केला. "ऐकलंस काय गो," त्यांनी वहिनींना हाक मारली, "माजी टेस्ट खरी व्हती! मी नीट बसवलेलं. माज्या हातचं काय चुकलं नवतं!" आवाज इतका मोठा निघाला की पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. वहिनी धावत आल्या, त्यांची पाठ चोळू लागल्या. त्यांना रॅम कळत नव्हती, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. त्यांनी एकदा दत्ताभाऊंकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

मी निघालो तेव्हा दत्ताभाऊंनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. रागावले असते तर मला परतीचा रस्ता सोपा गेला असता. हायवेवरच्या पालीपर्यंत मी कसा आलो ते मला आठवत नाही.

त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले. मी कार्याला गेलो. सगळं आटोपल्यावर माणसं पांगली, आणि मी त्याच खळ्यात एका कडेला बसून होतो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"भावोजी, तुमी गेलात त्या दिवशी ह्यांनी पेज मागून घेतली," त्या म्हणाल्या. "दोन वाडगं पेज खाल्ली. दीड वरसात असं मागून काय खाल्लं नवतं. रातचे उठून बसायचे, ता पन बंद झालं. गाढ झोपायला लागले. येनाऱ्या जानाऱ्याला सांगायचे, माजी टेस्ट खरी व्हती. लोकांना वाटायचं, दवाखान्यातली टेस्ट."

मी तांब्या हातात धरून राहिलो.

"एक इचारू?" त्या म्हणाल्या. "तवाच का नाय सांगितलंत?"

दीड वर्ष मी या प्रश्नाची उत्तरं तयार करत आलो होतो. कामाची गर्दी होती, योग्य वेळ मिळाली नाही, गेलेलं काही सांगून परत येणार नव्हतं. चांगली, पटण्यासारखी उत्तरं होती. त्यांच्यासमोर त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही.

"भ्यालो होतो, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना ते खरोखरच समजलं नव्हतं.

"ह्यांना?" त्या म्हणाल्या. "ह्यांना तर आमच्या कोंबड्या पन भीत नव्हत्या, भावोजी."